फिश टँकमधल्या झाडांना प्रकाश किती? खोक्यावरचे आकडे आणि शेवाळाचं गणित

टाकीच्या लाइटचं खोकं हातात घेतलं की त्यावर वॅट, लुमेन, केल्विन असे आकडे दाटीवाटीने छापलेले असतात आणि वर मोठ्या अक्षरांत ‘फुल स्पेक्ट्रम’. दुकानदार विचारतो, ‘झाडं लावणार ना? मग ही मोठीच न्या.’ मोठी येते. पहिले दोन आठवडे टाकी झकास दिसते. मग काचेवर हिरवे ठिपके येतात, अनुबियास या झाडाच्या पानांच्या कडांना काळी लव धरते, आणि दोन महिन्यांनी ‘आमच्याकडचं पाणीच वाईट’ असा निकाल लागून झाडं काढली जातात, प्लास्टिकची लावली जातात.

बहुतेक वेळा पाण्याची काही चूक नसते. गोड्या पाण्याच्या टाकीत झाडं फसतात ती प्रकाश कमी पडून फसतात त्याहून अधिक वेळा तो फाजील झाल्यामुळे. ‘झाड म्हणजे ऊन हवंच’ हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की उलट बाजूचा विचारच होत नाही.

प्रकाश म्हणजे गिरणीची मोटर

पिठाची गिरणी डोळ्यांसमोर आणा. मोटर जितकी जोरात फिरेल तितकं पीठ भराभर पडेल, पण वरच्या पाळ्यात धान्य असेल तर. धान्य संपलं आणि जातं तसंच फिरत राहिलं, तर दगडावर दगड घासून दगडच झिजतात.

पाण्याखालच्या झाडाचं नेमकं हेच होतं. प्रकाश ही मोटर. धान्य म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि त्याच्या जोडीला नायट्रेट, फॉस्फेट, पोटॅश, लोह ही खतं. पान प्रकाशाच्या जोरावर कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवतं. प्रकाश दुप्पट केला की पानाची कार्बनची मागणीही वाढते. हवेत वाढणाऱ्या झाडाला ती भागवता येते. पाण्यात मात्र हा वायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो, आणि साध्या टाकीत त्याचं प्रमाण लिटरमागे जेमतेम दोन-चार मिलिग्रॅम असतं. म्हणजे पाळ्यात मूठभर धान्य आणि खाली दहा हॉर्सपॉवरची मोटर. पानाला न पेलणारी ऊर्जा पानाचीच नासधूस करते. ते पिवळं, पारदर्शक होतं, त्याला भोकं पडतात, आणि अशा कुजत्या पानावर शेवाळ बसतं. शेवाळाचं पोट लहान असल्यामुळे त्याला मूठभर धान्य पुरतं, आणि उरलेला सगळा प्रकाश त्याच्यासाठी मोकळाच असतो.

म्हणून लाइट निवडताना पहिला प्रश्न लाइटचा नसतोच. टाकीला सिलिंडर लावून कार्बन डायऑक्साइड सोडणार आहात का, हा आहे. नसाल तर प्रकाश कमी ते मध्यम ठेवायचा, विषय संपला. सोडणार असाल तर पाण्यात तो लिटरमागे २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत नेता येतो आणि मग तगडी मोटर बसवण्यात अर्थ आहे.

खोक्यावरचे आकडे कशाचे?

वॅट म्हणजे लाइट किती वीज खातो. उजेड किती पडतो ते त्यातून कळत नाही. जुन्या ट्यूबलाइटच्या काळात ‘गॅलनमागे दोन वॅट’ असा आडाखा होता आणि त्या काळी तो बरा चालायचा, कारण सगळ्या ट्यूब साधारण सारख्याच होत्या. एलईडी एका वॅटमध्ये कितीतरी जास्त उजेड देतो, त्यामुळे तो आडाखा आता टाकून द्यावा. शिवाय स्वस्त पट्ट्यांच्या खोक्यावर ३६ वॅट छापलेलं असतं आणि मीटर लावून पाहिलं तर निघतात १२.

लुमेन म्हणजे माणसाच्या डोळ्याला जाणवणारा एकूण उजेड. गोम इथेच आहे. आपला डोळा हा विचित्र काटा आहे. हिरवट-पिवळ्या रंगाचं तो पुरेपूर वजन करतो, पण ६६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या गडद लाल प्रकाशाचं जेमतेम सहा टक्के आणि ४५० च्या निळ्याचं चारच टक्के. ज्वारीचा किलो किलोच भरावा आणि गव्हाचा किलो पन्नास ग्रॅम, असा हा काटा. झाडाला मात्र लाल-निळा प्रकाश उत्तम चालतो. म्हणून गुलाबी-जांभळ्या लाइटवरचे लुमेन वाचून काहीच हाती लागत नाही. पांढऱ्या एलईडीत सगळे रंग साधारण ठरलेल्या प्रमाणात मिसळलेले असतात, त्यामुळे तिथे लुमेन कामाला येतो.

झाडांसाठीचा खरा काटा म्हणजे ‘पार’. वडाच्या पाराशी त्याचा संबंध नाही. झाडाला वापरता येणारा, ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश असा त्याचा अर्थ, आणि तो दर चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल (प्रकाशकण मोजायचं एकक) पडतो यात मोजतात. भर दुपारचं ऊन म्हणजे सुमारे २००० मायक्रोमोल. आपल्याला टाकीच्या तळाशी हवे असतात ते तीस-चाळीस. हे दोन आकडे शेजारी ठेवले की ‘झाडाला ऊन हवंच’ या समजुतीची हवा निघते.

केल्विन म्हणजे पांढरा रंग पिवळसर आहे की निळसर. ३००० चा पिवळट दिसतो, ६५०० चा दिवसासारखा स्वच्छ पांढरा. घरगुती खोक्यांवर ‘कूल डेलाइट’ लिहिलेलं असतं तो हाच. झाडं दोन्हींत वाढतात. पण ३००० च्या उजेडात पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं, म्हणून ६५०० घ्यावा. हा निर्णय झाडासाठी नसून आपल्या डोळ्यांसाठी आहे. समुद्री टाकीसाठी येणारा गडद निळा लाइट मात्र इथे टाळाच.

आणि ‘फुल स्पेक्ट्रम’, म्हणजे सगळे रंग असलेला प्रकाश? कुठलाही पांढरा एलईडी कमीअधिक फुल स्पेक्ट्रमच असतो. झाड हिरवा प्रकाश वापरतच नाही, तो फुकट जातो, असं सर्रास सांगितलं जातं तेही बरोबर नाही. पान थोडा हिरवा प्रकाश परत फेकतं म्हणून आपल्याला हिरवं दिसतं, बराचसा ते शोषून वापरतंच. लाल-हिरव्या-निळ्या चिपांच्या महागड्या लाइटचा मोठा फायदा म्हणजे त्याखाली लाल झाडं जास्त लाल आणि मासे जास्त चमकदार दिसतात. तेवढ्यासाठी पैसे द्यायला हरकत नाही, फक्त कशासाठी देतोय ते माहीत असावं.

दोन फुटी टाकीचा हिशेब

आपल्याकडे सर्रास मिळणारी टाकी घेऊ: दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तर ५६ लिटर. रेती, दगड आणि वरची रिकामी जागा वजा जाता पाणी ४५ लिटरच्या आसपास.

पांढऱ्या एलईडीसाठी ढोबळ नियम असा: लिटरमागे १० ते २० लुमेन म्हणजे कमी प्रकाश, २० ते ४० मध्यम, ४० च्या वर जास्त. दहा वॅटची साधी दोन फुटी एलईडी ट्यूब साधारण १००० लुमेन देते. १००० भागिले ४५, म्हणजे २२. मध्यमच्या उंबरठ्यावर.

आता हेच दुसऱ्या बाजूने पडताळून पाहू. टाकीचा तळ ०.१८ चौरस मीटर. सगळाच्या सगळा उजेड तळावर पडला असता तर ५५०० लक्स भरले असते (लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे लुमेन). प्रत्यक्षात काही उजेड बाजूला सांडतो, काही झाकणात अडतो. निम्म्याहून थोडा कमी पोचला असं धरलं तर २५०० लक्स. पांढऱ्या एलईडीच्या लक्सला ७० ने भागलं की पारचा अंदाज मिळतो, म्हणजे सुमारे ३५ मायक्रोमोल. दोन वाटांनी एकाच गावात पोचलो, तेव्हा हिशेब विश्वास ठेवण्याजोगा आहे.

अंदाज नको असेल तर मोजता येतं. पारचा मीटर महाग पडतो, पण लक्स मोजायला फोनमधला सेन्सर ढोबळ मानाने पुरतो. टाकीत पाणी भरण्याआधी, लाइट जागेवर ठेवून, फोन तळाशी उताणा ठेवा आणि लक्सचं अ‍ॅप लावा. मधोमध एकदा आणि चारही कोपऱ्यांत एकेकदा. वाकून पाहताना आपल्याच डोक्याची सावली फोनवर पडते. स्क्रीन रेकॉर्ड करून नंतर पाहिलेलं बरं. कोपऱ्यात मधल्याच्या निम्मा आकडा आला तर घाबरायचं कारण नाही. कमी उजेडाची झाडं तिथे लावायची.

टाकी दीड फूट उंच असेल तर तोच लाइट तळाशी तिसरा हिस्सा ते निम्म्याने कमी पडतो. पाणी उजेड ‘पितं’ म्हणून हे होतं असं वाटतं, पण एवढ्या खोलीला स्वच्छ पाणी फारसं काही पीत नाही. उजेड पसरल्यामुळे पातळ होतो. लाकडाचा रंग उतरून पाणी चहासारखं झालं असेल तर मात्र पाणीही आपला वाटा घेतं.

कुठल्या झाडाला किती

अनुबियास, जावा फर्न, बुसेफॅलान्ड्रा, जावा मॉस आणि बहुतेक क्रिप्टोकोरीन १५ ते ३० मायक्रोमोलवर, म्हणजे १००० ते २००० लक्सवर, सुखाने राहतात. क्रिप्टोकोरीन स्पायरॅलिस तर आपल्याच पश्चिम किनारपट्टीतली, ओढ्याकाठी आणि भातखाचरांत वाढणारी. (म्हणून उपटून आणू नका. नर्सरीत मिळते.) व्हॅलिसनेरिया, हायग्रोफिला आणि आपली नीरब्राह्मी ३० ते ५० मध्ये चांगली वाढते. तळावर हिरवळीसारखी पसरणारी मॉन्टे कार्लो, क्युबा आणि लालभडक रोटाला मॅक्रान्ड्रा यांना ५० च्या पुढे लागतं, आणि तिथे सिलिंडर हवाच.

एकाच टाकीत अनुबियास आणि क्युबा दोन्ही हवे असतील तर अनुबियास लाकडाच्या किंवा उंच झाडांच्या सावलीत बांधा. त्याचं पान वर्षानुवर्षं टिकतं आणि फार हळू वाढतं, त्यामुळे उघड्यावर ठेवलं की शेवाळाला बसायला पक्का ओटाच मिळतो.

‘पण तळ्यात तर भर उन्हात वाढतात!’

हा आक्षेप रास्त आहे. तळ्यात हायड्रिला कडक उन्हात माजते, कमळ तर सूर्याकडे तोंड करूनच असतं. पण कमळाचं पान हवेत असतं. त्याला कार्बन डायऑक्साइड हवेतून मिळतो, पाण्यातल्या टंचाईशी त्याला देणंघेणं नाही. तळाच्या चिखलात पालापाचोळा कुजत असतो, त्यातून हा वायू सतत सुटतो. हायड्रिला पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन काढते. सगळ्यांना ते जमत नाही. आणि तळ्यात शेवाळ होत नाही असं कोण म्हणतं? उन्हाळ्यात गावतळ्याचं पाणी बघा, वाटाण्याच्या आमटीसारखं असतं.

टाकी खिडकीत ठेवली तर लाइटचा खर्च वाचेल, हा विचारही यातूनच येतो. खिडकीचा प्रकाश वाईट नसतो, पण तो आपल्या ताब्यात नसतो. डिसेंबरात तिरपं ऊन थेट आत येतं, जुलैत दिवसभर अंधारून असतं. एप्रिल-मे मध्ये थेट उन्हात छोटी टाकी दुपारपर्यंत इतकी तापते की माशांचा जीव जाऊ शकतो. उत्तरेची खिडकी असेल तर ठीक, बाकी भिंतीशीच ठेवा.

घरातली साधी एलईडी ट्यूब चालेल का?

झाडांच्या दृष्टीने चालते, आणि दोन फुटी टाकीला चांगली चालते. अडचण विजेची आहे. भिंतीवरची ट्यूब दमट हवेसाठी बनवलेली नसते. फिल्टरचे शिंतोडे, बाष्प, गंजलेली टोपी आणि ॲल्युमिनिअमची बॉडी, खाली आपला हात पाण्यात. ती लावायचीच तर टाकीवर काचेचं झाकण हवं, ट्यूब झाकणापासून चार-पाच इंच वर पक्की बसवलेली हवी, आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवा. वायर सॉकेटकडे सरळ खाली उतरत असेल तर तिला सॉकेटच्या पातळीखाली एक झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, सॉकेटात शिरत नाही. पाण्यात हात घालण्याआधी स्विच बंद. जलरोधक लाइट घेणार असाल तर आयपी ६५ किंवा ६७ असं छापलेलं बघा.

मग दहापट पैसे देऊन लोक टाकीचे खास लाइट का घेतात? कडेकोपऱ्यापर्यंत सारखा पसरणारा उजेड, पाण्यापासून संरक्षण, रंगांची मजा आणि डिमर. यातला डिमर सगळ्यांत मोलाचा. त्यामुळे दुप्पट ताकदीचा लाइट घेऊन निम्म्यावर चालवता येतो आणि पुढे सिलिंडर लावला की वाढवता येतो. डिमर नसेल तर लाइट टांगून वर घ्या, नाहीतर पाण्यावर तरंगणारी झाडं पसरू द्या. निऑन टेट्रा, फायटर अशा माशांनाही डोक्यावर थोडी सावली आवडते.

किती तास?

नव्या टाकीला पहिले तीन-चार आठवडे सहा तास. दुकानातली बरीच झाडं नर्सरीत पाण्याबाहेर वाढवलेली असतात. पाण्यात बुडवली की त्यांची जुनी पानं विरघळतात आणि पाण्यातली नवी येतात. तोवर झाड प्रकाश नीट वापरू शकत नाही. याच काळात काचेवर तपकिरी थर येतो. तो बोटाने सहज पुसला जातो आणि बहुधा काही आठवड्यांत आपोआप कमी होतो. स्थिरावलेल्या टाकीला सात-आठ तास. दहाच्या वर नेऊन झाडांचा फारसा फायदा होत नाही.

उजेड तोकडा असेल तर तास वाढवून भरून निघत नाही. मंद आचेवर तासभर ठेवली तरी भाकरी फुगत नाही, वातड होते.

हे तास दिवसाच्या घड्याळाप्रमाणेच हवेत असंही नाही. संध्याकाळी घरी येऊन टाकी पाहायची असेल तर दुपारी तीन ते रात्री दहा ठेवा. सिलिंडर असेल तर कार्बन डायऑक्साइड लाइटच्या तास-दोन तास आधी सुरू करा आणि लाइट जाण्याच्या तासभर आधी बंद. रात्री झाडं तो वापरत नाहीत आणि स्वतः ऑक्सिजन खातात. कार्बन डायऑक्साइड चालू राहिला तर सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात.

टायमर लावाच. गोल चकतीचे, पंधरा-पंधरा मिनिटांच्या खिट्ट्यांचे टायमर स्वस्त आणि टिकाऊ आहेत, पण वीज गेली की त्यांचं घड्याळ थांबतं. दोन तास भारनियमन झालं की सगळं वेळापत्रक दोन तासांनी पुढे सरकतं, आणि महिन्याभरात लाइट मध्यरात्री पेटायला लागतो. जिथे वीज वरचेवर जाते तिथे आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्यावा. बिलाची चिंता मात्र नको: २० वॅटचा लाइट रोज आठ तास म्हणजे महिन्याला पाच युनिटही होत नाहीत.

कमी पडतोय की जास्त होतोय?

याचं उत्तर कुठल्याही मीटरपेक्षा झाडच नेमकं देतं. उसासारखी पेरं असलेलं झाड घ्या, नीरब्राह्मी किंवा रोटाला. दोन पेरांमधलं अंतर वाढत चाललं, खोड वर लांबट आणि बारीक झालं, खालची पानं गळून देठ नागडा पडला, तर प्रकाश कमी. आधी छाटणी करून पाहा, कारण पुष्कळदा वरचा शेंडाच खालच्याला सावलीत टाकत असतो. पेरं आखूड, पण नव्या पानांचा रंग उडालेला, पानांच्या कडेला लव, काचेवर सहजासहजी न निघणारे हिरवे ठिपके, तर खाली धान्य नाही आणि मोटर जोरात. अशा वेळी आधी खत ओतू नका. प्रकाश तिसऱ्या हिश्शाने कमी करा, आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदला आणि तीन आठवडे थांबा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही. जुनं, लव धरलेलं पान बरं होत नाही, ते कापून टाकायचं. नजर नव्या पानावर ठेवायची.

आणि सगळं ठीक चाललेलं असताना झाडं हळूहळू मलूल होत असतील, तर नवा लाइट घ्यायला निघण्याआधी काचेचं झाकण उचलून उजेडासमोर धरा. बोअरच्या जड पाण्याचे शिंतोडे वाळून त्यावर पांढरा थर चढलेला असतो. रोज पाहणाऱ्याला तो जाणवत नाही, पण बराच उजेड तोच अडवतो. अर्धं लिंबू घेऊन चोळा, पाच मिनिटं ठेवा, धुवा, आणि मग पुन्हा लक्स मोजा.